इंटरनेट दूरध्वनी अ‍ॅडॅप्टर व आभासी जाळे

नेहमीच्या घरगुती दूरध्वनी यंत्राकडून येणाऱ्या विद्युत् संकेतांचे अंकीय पॅकेटांत रूपांतर करून ती इंटरनेटच्या तत्त्वावर चालणाऱ्या जाळ्यात सोडणारे, तसेच उलट दिशेने आलेल्या पॅकेटांपासून पुन्हा ऐकू येण्याजोगे संकेत तयार करणारे साधन म्हणजे इंटरनेट दूरध्वनी अ‍ॅडॅप्टर होय. हे साधन स्वतंत्र छोट्या पेटीच्या स्वरूपात मिळते. परंतु प्रकाशीय तंतूची, म्हणजेच फायबरची, जोडणी असलेल्या घरांत ते बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीने बसविलेल्या मोडेममध्येच अंतर्भूत असते आणि पेटीच्या मागील बाजूस दूरध्वनीची तार खोचण्यासाठी एक किंवा दोन खाचा दिलेल्या असतात. एकाच तंतूवरून वा तारेवरून इंटरनेट, दूरध्वनी व देखरेख यांची वाहतूक एकमेकींत न मिसळता नेण्यासाठी जी विभागणी करतात, तिला आभासी जाळे म्हणतात. या विभागणीतील आपला विभाग कोणता हे अ‍ॅडॅप्टरला कळावे म्हणून त्यात काही आकडे भरावे लागतात. या क्रियेला प्रस्तुत लेखात जुळणी असे म्हटले आहे. व्यवहारात तिला ‘सेटिंग’ म्हणतात. हे आकडे डोळ्यांना दिसत नाहीत व एकदा भरल्यावर कोणी त्यांकडे लक्षही देत नाही; तथापि त्यांपैकी एक जरी चुकला, तरी इंटरनेट व्यवस्थित चालू असताना घरातील दूरध्वनी मात्र मुका होतो.

पार्श्वभूमी : पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड हे लगतचे तालुके या बदलाचे चांगले उदाहरण होत. शिरूर हे गाव घोड नदीकाठी पुणे–अहिल्यानगर मार्गावर, तर दौंड हे भीमेकाठी लोहमार्गांच्या संगमावर वसलेले आहे. दोन्ही तालुक्यांच्या सीमेवरून काही अंतर भीमा नदी वाहते. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती वगळता हा प्रदेश मुख्यत्वे शेतीचा असून अनेक कुटुंबे गावठाणापासून दूर, शेतातील वस्त्यांवर राहतात. स्थिर दूरध्वनीच्या राष्ट्रीय क्रमांक योजनेत शिरूरचा संकेतांक ०२१३८ व न्हावऱ्याचा ०२१३७, तर दौंडचा ०२११७ व केडगावचा ०२११९ आहे. एकाच तालुक्यात दोन संकेतांक असण्याचे कारण असे की, ही योजना महसुली सीमांवर नव्हे, तर दूरध्वनी केंद्रांच्या आकारणी क्षेत्रांवर आधारलेली आहे.

तांब्याच्या तारांच्या काळात घरापासून केंद्रापर्यंत प्रत्येक ग्राहकासाठी तारांची एक स्वतंत्र जोडी असे. केंद्रातील सु. ४८ व्होल्ट दाबाच्या विद्युत् घटमालेतून त्या जोडीला वीज मिळत असल्याने गावातील वीज गेली, तरी दूरध्वनी चालू राही. क्रमांक म्हणजे तारांची विशिष्ट जोडी, असे सरळ समीकरण होते. तंतूवर आधारलेल्या योजनेत एकच तंतू विभाजकाच्या साहाय्याने ३२ वा ६४ घरांत वाटला जातो; त्यावर घराघराची अशी वेगळी तार उरत नाही. तारांची जी जोडी पूर्वी खांबावर दिसत असे, तिची जागा आता पॅकेटावर लिहिलेल्या एका आकड्याने घेतली आहे. अ‍ॅडॅप्टरच्या जुळणीला महत्त्व आले आहे ते यामुळेच.

ऐतिहासिक आढावा : पॅकेटांच्या रूपात आवाज पाठविण्याचे प्रयोग अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावर १९७४ साली झाले. सर्वसामान्यांना वापरता येईल असा पहिला इंटरनेट दूरध्वनी कार्यक्रम व्होकलटेक या इझ्राएली कंपनीने १९९५ मध्ये बाजारात आणला. संभाषण सुरू करणे, घंटी वाजविणे व ते संपविणे यांसाठीचे एसआयपी हे संकेतन नियम १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले व २००२ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. याच नियमांवर आजचे बहुतेक अ‍ॅडॅप्टर चालतात. आभासी स्थानिक जाळ्याचे प्रमाणीकरण ८०२.१क्यू या मानकाने १९९८ मध्ये झाले. व्यवहारात त्याला ‘व्हीलॅन’ म्हणतात.

भारतात इंटरनेट सेवा देणाऱ्यांना १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात इंटरनेट दूरध्वनीची परवानगी मिळाली. संगणकावरून संगणकाशी किंवा परदेशातील दूरध्वनीशी बोलता येई. परंतु देशांतर्गत नेहमीच्या दूरध्वनी क्रमांकाशी अशी जोडणी करण्यास मनाई होती. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) ऑक्टोबर २०१७ मध्ये केलेल्या शिफारशींनंतर जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने अनुज्ञप्तीच्या अटींत बदल केला व अनुज्ञप्तिधारक कंपन्यांना आपल्या क्रमांकांवर ही सेवा देण्याचा मार्ग मोकळा झाला.

याच काळात घरातील जोडणीचेही स्वरूप पालटले. भारत संचार निगम लि. या सार्वजनिक कंपनीने जानेवारी २००५ मध्ये तांब्याच्या तारांवरून ब्रॉडबँड सेवा सुरू केली, तेव्हा दूरध्वनी जुन्याच पद्धतीने त्याच तारेवर चाले व त्याच्या वरच्या कंप्रतांवर इंटरनेटचे संकेत जात. दोन्ही वेगळे करण्यासाठी एक छोटा गाळक बसवीत. त्या काळी मोडेममध्ये भरावयाचे ० व ३५ हे दोन आकडे अनेक ग्राहकांना पाठ असत. ते एका आभासी मार्गाचे व त्यातील आभासी मंडलाचे क्रमांक होते. तंतूवरील जोडणीत त्यांची जागा व्हीलॅन क्रमांकाने घेतली. जिओच्या घरगुती फायबर सेवेचा आरंभ ५ सप्टेंबर २०१९ रोजी झाला व तीत दूरध्वनी हा इंटरनेट जोडणीचाच भाग होता. अशा रीतीने दोन दशकांत अनुक्रम उलटा झाला. पूर्वी दूरध्वनीच्या तारेवर इंटरनेट येई, आता इंटरनेटच्या तंतूवर दूरध्वनी येतो.

रचना व कार्य : अ‍ॅडॅप्टरचे दोन भाग पडतात. पहिला भाग दूरध्वनी केंद्राची नक्कल करतो. तो यंत्राला एकदिश विद्युत् दाब पुरवितो, श्रवणी उचलल्याचे ओळखतो, डायल टोन देतो व घंटीसाठी अधिक दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडतो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ऐकू येणारा डायल टोन घरातील पेटीतच निर्माण होतो. काही अ‍ॅडॅप्टर कंपनीच्या यंत्रणेशी जोडणी झाल्यावरच तो देतात, तर काही जोडणी नसतानाही देतात. म्हणून डायल टोन येतो याचा अर्थ दूरध्वनी चालू आहे, असा निश्चितपणे घेता येत नाही. भारतीय दूरध्वनी यंत्रांसाठी अ‍ॅडॅप्टरमध्ये ‘भारत’ हा देश निवडणे योग्य ठरते. कारण टोनची कंप्रता, घंटीचे आवर्तन व यंत्राचा संरोध यांची मूल्ये देशपरत्वे भिन्न असतात. तबकडी फिरवून क्रमांक लावण्याच्या जुन्या यंत्रांचे स्पंद अनेक अ‍ॅडॅप्टरांना समजत नाहीत; अशी यंत्रे घंटी वाजवितात व आलेले संभाषण घेतात, पण त्यांवरून क्रमांक लावता येत नाही.

दुसरा भाग आवाजाचे अंकीकरण करतो. जी. ७११ या सर्वमान्य पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन प्रत्येकासाठी ८ बिट वापरतात. त्यामुळे सेकंदाला ६४ किलोबिट एवढी माहिती तयार होते. दर २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटात भरल्यास प्रत्येक पॅकेटात १६० बाइट आवाज असतो व सेकंदाला ५० पॅकेटे निघतात. पत्ता व क्रम दर्शविणारी शीर्षके ४० बाइटांची असल्याने प्रत्यक्ष गरज ८० किलोबिटांची होते. स्थानिक जाळ्याची चौकट धरल्यास ती ८७.२ किलोबिट व आभासी जाळ्याची खूण धरल्यास ८८.८ किलोबिट होते. म्हणजे खुणेचे ओझे केवळ १.६ किलोबिट, एवढे नगण्य असते. [→ दूरध्वनिविद्या].

आभासी जाळ्याचे तत्त्व : पॅकेट ज्या चौकटीतून जाते, तिच्या शीर्षकात ४ बाइटांची एक खूण घालतात. तीतील पहिले २ बाइट ही खूण आहे, एवढेच सांगतात. उरलेल्या १६ बिटांपैकी ३ बिट प्राधान्यासाठी, १ बिट गर्दीच्या वेळी चौकट टाकून द्यावी की नाही हे दर्शविण्यासाठी व १२ बिट जाळ्याच्या क्रमांकासाठी असतात. १२ बिटांत ० ते ४०९५ असे ४,०९६ आकडे बसतात. परंतु पहिला व शेवटचा राखीव असल्याने १ ते ४०९४ एवढेच क्रमांक वापरता येतात. एखाद्या कंपनीला एवढे क्रमांक अपुरे पडतात, म्हणून एका खुणेवर दुसरी खूण चढविण्याची पद्धतही २००५ पासून प्रमाण झालेली आहे.

टपाल कार्यालयातील पोत्यांवरून ही कल्पना स्पष्ट होईल. सर्व पोती एकाच गाडीतून जातात. परंतु प्रत्येकावरील चिठ्ठी पाहून ती उतरविली जातात. चिठ्ठी नसलेले वा अनोळखी चिठ्ठीचे पोते फोडून पाहण्याचा प्रघात नाही. ते बाजूला पडते. त्याचप्रमाणे कंपनीचे यंत्र अनोळखी क्रमांकाची चौकट कोणतीही सूचना न देता टाकून देते. ग्राहकाला चुकीचा संदेश दिसत नाही. केवळ उत्तर येत नाही.

जुळणीतील बाबी : अ‍ॅडॅप्टरच्या वा मोडेमच्या जुळणीपानावर प्रत्येक आभासी जोडणीसाठी साधारणतः पुढील बाबी असतात : (१) सेवेचा प्रकार – इंटरनेट, दूरध्वनी किंवा दूरस्थ देखरेख. (२) व्हीलॅन चालू अथवा बंद व चालू असल्यास त्याचा क्रमांक. (३) प्राधान्य – ० ते ७ पर्यंतचा आकडा. आवाजासाठी सामान्यतः ५ वापरतात. (४) पत्ता मिळविण्याची रीत – आपोआप, कायमचा ठरवून दिलेला, किंवा नाव व परवलीचा शब्द देऊन. (५) बंधन – ही जोडणी पेटीच्या कोणत्या खाचेशी निगडित आहे. (६) एसआयपी नोंदणी – कंपनीच्या यंत्रणेचा पत्ता, ग्राहकाचा क्रमांक व परवलीचा शब्द. पहिल्या पाच बाबी रस्ता तयार करतात व सहावी त्या रस्त्यावरून ओळख पटविते. रस्ता नसेल, तर ओळख बरोबर असूनही उपयोग होत नाही. म्हणून तपासणी नेहमी याच क्रमाने करावी लागते.

घरगुती परिस्थितीचे तीन प्रकार संभवतात. पहिल्यात दूरध्वनी व इंटरनेट एकाच कंपनीचे असून अ‍ॅडॅप्टर मोडेममध्येच असतो. इंटरनेटसाठी एक व दूरध्वनीसाठी दुसरा व्हीलॅन क्रमांक असतो आणि बहुधा कंपनी हे आकडे दुरूनच भरते. ग्राहकाने त्यांना हात लावण्याचे कारण नसते. दुसऱ्यात कंपनीच्या जोडणीवर ग्राहक स्वतःचा राउटर व स्वतंत्र अ‍ॅडॅप्टर वापरतो. येथे कंपनीने सांगितलेला क्रमांक अ‍ॅडॅप्टरमध्ये भरावा लागतोच. शिवाय मधला राउटर खूण असलेल्या चौकटी जशाच्या तशा पुढे सोडतो की नाही, हेही पाहावे लागते. तिसऱ्यात दूरध्वनी सेवा एका कंपनीची व इंटरनेट दुसऱ्या कंपनीचे असते. आवाजाची पॅकेटे सामान्य इंटरनेट वाहतुकीतूनच जातात. येथे अ‍ॅडॅप्टरमधील व्हीलॅन बंद ठेवावयाचा असतो.

तिसऱ्या प्रकारात दुसऱ्या प्रकारची जुळणी करणे, ही सर्वांत अधिक आढळणारी चूक होय. साध्या राउटरला जोडलेल्या अ‍ॅडॅप्टरमध्ये व्हीलॅन क्रमांक भरून साठविताच राउटरला त्याच्या चौकटी ओळखता येत नाहीत. अ‍ॅडॅप्टरचा पत्ता नाहीसा होतो व ज्या पानावरून चूक दुरुस्त करावयाची, ते पानही उघडत नाही. अनेक अ‍ॅडॅप्टरांत दूरध्वनीच्या कळपट्टीवरून ठरावीक कळा दाबल्यास आवाजी सूचना मिळण्याची सोय असते. तीवरून पत्ता जाणून घेता येतो व काही प्रकारांत जुळणीही पूर्ववत करता येते. सुईने कळ दाबून पेटी मूळ स्थितीत आणणे हा शेवटचा उपाय होय. कारण त्यामुळे कंपनीने भरलेले आकडे व परवलीचे शब्दही पुसले जातात.

स्थलसापेक्षता : व्हीलॅन क्रमांक हा दूरध्वनी क्रमांकासारखा देशभर एकमेव नसतो. त्याचा अर्थ फक्त त्या विशिष्ट प्रकाशीय केंद्रयंत्रापुरता व त्याला जोडलेल्या मार्गापुरता असतो. अनेक ठिकाणी गावपातळीवरील तंतूचे जाळे स्थानिक भागीदार व्यावसायिक उभारतात व आपले यंत्र मुख्य कंपनीच्या जाळ्याला जोडतात. अशा प्रत्येक यंत्रासाठी क्रमांक वेगळा ठरविलेला असू शकतो. परिणामी शिरूरच्या घरात चालणारा आकडा त्याच कंपनीच्या दौंड येथील ग्राहकाला उपयोगी पडेलच असे नाही. एवढेच नव्हे, तर एकाच गावातील दोन गल्ल्यांतही तो भिन्न असू शकतो. नातेवाइकाच्या वा शेजाऱ्याच्या मोडेममधील आकडे पाहून आपल्या मोडेममध्ये भरणे म्हणूनच फसवे ठरते. याच कारणाने शिरूर येथील मोडेम उचलून दौंडच्या घरी लावल्यास तो क्रमांक तेथे चालू होत नाही.

आवाजाची प्रत : एका दिशेने होणारा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास संभाषण स्वाभाविक वाटते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी. ११४ या शिफारशीत मानले आहे. विलंबाचा परिणाम पुणे जिल्ह्याला नवा नाही. जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७१ साली कार्यान्वित झालेल्या विक्रम उपग्रह भूकेंद्रावरून परदेशी संभाषणे सु. ३६,००० कि.मी. उंचीवरील उपग्रहामार्फत होत. आवाजाला एका दिशेने जाण्यास सु. पाव सेकंद लागे व त्यामुळे दोघे एकाच वेळी बोलू लागत. तंतूतून प्रकाश सेकंदाला सु. २ लक्ष कि.मी. वेगाने जात असल्याने १०० कि.मी. अंतरास केवळ अर्धा मिलिसेकंद लागतो. शिरूरहून दौंडला केलेले संभाषण पुण्यास वा मुंबईस जाऊन परत आले, तरी अंतरामुळे होणारा विलंब जाणवत नाही.

खरा विलंब रांगेत उभे राहण्याने होतो. २५६ किलोबिट वेगाच्या जुन्या जोडणीवर १,५०० बाइटांचे एक मोठे पॅकेट पुढे असेल, तर त्यामागील आवाजाच्या छोट्या पॅकेटाला सु. ४७ मिलिसेकंद थांबावे लागे. अशी तीन-चार पॅकेटे पुढे असली, की १५० मिलिसेकंदांची मर्यादा संपे. १०० मेगाबिट वेगाच्या तंतूवर तेच थांबणे ०.१२ मिलिसेकंद एवढेच असते. तथापि घरातील कोणी मोठी चित्रफीत पाठवू लागल्यास राउटरमध्ये शेकडो पॅकेटांची रांग लागू शकते. खुणेतील प्राधान्याचे ३ बिट येथे उपयोगी पडतात. अधिक प्राधान्याची चौकट रांगेच्या पुढे काढली जाते. मात्र ज्या यंत्रांत हा आकडा मानण्याची तरतूद केलेली आहे, तेथेच त्याचा परिणाम होतो. पॅकेटे समान अंतराने न येता मागेपुढे आली, तर आवाज तुटतो. म्हणून अ‍ॅडॅप्टर ती काही मिलिसेकंद साठवून ठेवतो व मग समान गतीने ऐकवितो.

दोष व त्यांचे निदान : काही दोषांवरून त्यांचे कारण बरेचसे अचूक ओळखता येते. इंटरनेट चालू असून दूरध्वनीचा दिवा लागत नसेल, तर दूरध्वनीच्या आभासी जोडणीला पत्ता मिळाला आहे का, हे प्रथम पाहावे. पत्ता नसल्यास व्हीलॅन क्रमांक वा पत्ता मिळविण्याची रीत चुकलेली असते. पत्ता असून नोंदणी होत नसल्यास परवलीचा शब्द वा यंत्रणेचा पत्ता चुकलेला असतो. संभाषण जुळते, पण एकाच बाजूचे ऐकू येते, हा दोष बहुधा तिसऱ्या प्रकारच्या जोडणीत आढळतो. संभाषण जुळविणारे संदेश व प्रत्यक्ष आवाज यांचे मार्ग वेगळे असतात. घरातील राउटर अनेक साधनांना एकच बाह्य पत्ता वापरावयास लावतो व आवाजाच्या पॅकेटांना परतीचा खरा पत्ता मिळत नाही. कंपनीने आवाजासाठी वेगळे आभासी जाळे दिलेले असल्यास अ‍ॅडॅप्टरला सरळ त्या जाळ्यातील पत्ता मिळतो व ही अडचण सहसा उद्‌भवत नाही. नोंदणी होते, परंतु बाहेर क्रमांक लावता येत नाही, अशा वेळी संदेशाचा आकार मार्गाच्या मर्यादेहून मोठा झाला असण्याची शक्यता असते. छोटे संदेश जातात व मोठा मध्येच अडकतो.

आभासी खाजगी जाळे : व्हीपीएन या नावाने परिचित असलेले आभासी खाजगी जाळे व्हीलॅनहून भिन्न आहे. व्हीलॅन ही एकाच व्यवस्थापनाखालील मार्गाची विभागणी असते. तिच्यात गुप्तता आपोआप येत नाही. व्हीपीएनमध्ये दोन टोकांदरम्यान सार्वजनिक इंटरनेटवरून सांकेतिक लिपीतील बोगदा तयार करतात. एखादी संस्था दूरच्या शाखेतील दूरध्वनी आपल्या मुख्य कार्यालयाशी जोडण्यासाठी तो वापरते. आवाजाची पॅकेटे लहान असल्याने बोगद्याच्या वाढीव शीर्षकांचे ओझे त्यांवर प्रमाणाबाहेर पडते व विलंबही वाढतो. घरगुती ग्राहकाला कंपनीच्या दूरध्वनी सेवेसाठी व्हीपीएनची गरज नसते. उलट संपूर्ण घराची वाहतूक बोगद्यातून वळविल्यास कधीकधी दूरध्वनी बंद पडतो.

सुरक्षितता व कायदा : अ‍ॅडॅप्टरचा मूळ परवलीचा शब्द न बदलल्यास त्याचे जुळणीपान बाहेरून उघडले जाण्याचा धोका असतो. अशा रीतीने शिरकाव करून परदेशांतील महागड्या क्रमांकांशी संभाषणे करणे व देयक ग्राहकाच्या माथी मारणे, हा जगभर परिचित असलेला गैरप्रकार आहे. जुळणीपान बाहेरील बाजूने बंद ठेवणे व गरज नसल्यास परदेशी संभाषणाची सोय बंद करून घेणे, हे त्यावरील साधे उपाय होत. अनुज्ञप्ती नसताना परदेशातून इंटरनेटद्वारे आलेली संभाषणे स्थानिक दूरध्वनी जाळ्यात सोडणे हा भारतात गुन्हा आहे. अ‍ॅडॅप्टर कोणाच्या सांगण्यावरून बसविल्यास त्याचा उपयोग कशासाठी होणार, याची खात्री करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

वीज व आणीबाणीचा प्रसंग : प्रकाशीय तंतू वीज वाहून नेत नाही. त्यामुळे विजेच्या कडकडाटात खांबावरील तारेतून येणारा उच्च दाब घरातील यंत्रापर्यंत पोहोचण्याचा धोका कमी झाला, हा लाभ होय. परंतु केंद्रातून मिळणारी वीजही बंद झाली. घरातील वीजपुरवठा खंडित होताच मोडेम, अ‍ॅडॅप्टर व त्यांसोबत दूरध्वनी बंद पडतात. मोडेमची गरज १२ वॉट धरल्यास १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेच्या घटात सैद्धांतिक दृष्ट्या सात तासांची वीज असते. प्रत्यक्षात चार ते पाच तास मिळतात. गावातील केंद्रयंत्रालाही पर्यायी वीज नसेल, तर घरातील घट निरुपयोगी ठरतो. वस्तीवर एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी, जेथे भ्रमणध्वनीचे संकेत क्षीण असतात, तेथे या दोन्ही गोष्टींची चौकशी अगोदरच करणे हिताचे असते.

आणीबाणीच्या ११२ या क्रमांकाविषयी दुसरी मर्यादा आहे. तारेच्या जोडीवरून बोलणाऱ्याचे ठिकाण निश्चित कळे. इंटरनेटवरील दूरध्वनीचा क्रमांक व बोलणाऱ्याचे ठिकाण यांचा संबंध तेवढा पक्का नसतो. ट्रायने २०१७ मध्ये इंटरनेट दूरध्वनीवर ही सोय देण्यास उत्तेजन द्यावे, परंतु तूर्त सक्ती करू नये व तिच्या मर्यादा ग्राहकांना स्पष्ट शब्दांत कळवाव्यात, अशी शिफारस केली होती. बोलताना गाव, वस्ती व जवळची खूण तोंडी सांगण्याची सवय म्हणून आवश्यक आहे.

जुळणीची नोंद : तांब्याच्या तारेची जोडी तुटल्यास तारतंत्री खांबावर चढून ती शोधून काढीत असे. आभासी जोडीचा शोध मात्र लिहून ठेवलेल्या आकड्यांवरूनच घेता येतो. जोडणी बसवितेवेळी प्रत्येक सेवेचा व्हीलॅन क्रमांक, प्राधान्य, पत्ता मिळविण्याची रीत, दूरध्वनी क्रमांक व तक्रारीचा क्रमांक एका कागदावर लिहून पेटीजवळ ठेवावा. परवलीचे शब्द मात्र वेगळ्या ठिकाणी ठेवावेत. जुळणीपानाची प्रत साठविण्याची सोय बहुतेक पेट्यांत असते, तिचाही उपयोग करावा. मोडेम बदलताना, वीज पडून पेटी जळाल्यास किंवा अनवधानाने ती मूळ स्थितीत आणली गेल्यास या नोंदीवरून दूरध्वनी काही मिनिटांत पूर्ववत करता येतो. नोंद नसल्यास कंपनीच्या तंत्रज्ञाची वाट पाहण्यावाचून पर्याय राहत नाही व तोवर त्या क्रमांकावर येणारी घंटी वाजत नाही.